गोळीचे खरे नाव

बहुतेक घरांत बिस्किटांचा एक रिकामा डबा असतो आणि त्यात औषधे असतात. अब्बांची रक्तदाबाची गोळी, दादीची साखरेची, कुणाच्या तरी खोकल्याची अर्धी बाटली. घर कोकणातले असेल तर कुवेत-दुबईहून आलेली पॅनाडोलची दोन पाकिटेही. गोळ्या रंगावरून ओळखल्या जातात: ‘सकाळची पिवळी’, ‘रात्रीची अर्धी’. मेडिकलवाला दुसऱ्या कंपनीची गोळी देईपर्यंत हे चालून जाते. मग पिवळीची पांढरी होते आणि दादी दोन्ही घेऊ लागते, कारण तिच्या हिशेबात ती दोन वेगळी औषधे असतात.

अशा वेळी फोन तुमच्या हातात दिला जातो. ‘बघ जरा, ही कशाची गोळी आहे.’ तुम्ही पाकिटावरचे मोठे, रंगीत नाव टाइप करता. समोर येतात ती औषधे विकणारी दुकाने, मग एखादा व्हिडिओ, मग कुणीतरी कुठूनतरी उचललेला मजकूर. त्यातला एखादा परिच्छेद वाचून घरात निर्णय होतो. गोळी चालू राहते किंवा बंद होते. तरुण वाचकांशी आज या शोधण्याबद्दलच बोलायचे आहे, कारण तुमच्यापैकी अनेक जण आपल्या घराचे न नेमलेले कंपाउंडर झालेले आहेत.

विश्वासार्ह माहिती फुकट मिळते. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचे ‘मेडलाइनप्लस’ सामान्य माणसासाठीच लिहिलेले आहे. ब्रिटनच्या ‘इलेक्ट्रॉनिक मेडिसिन्स कंपेंडियम’मध्ये डॉक्टरांसाठीचा सविस्तर कागद आणि रुग्णासाठीचे सोपे पत्रक, दोन्ही असतात. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने कोणते औषध घ्यावे यासाठी ‘लॅक्टमेड’ नावाचा स्वतंत्र संग्रह आहे. अडचण येते ती आपण त्या चौकटीत काय टाइप करतो तिथे.

औषधाला दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, विकण्यासाठीचे. दुसरे आत जो घटक आहे त्याचे. या घटकांना जगभर एकच नाव असावे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये ठराव केला आणि १९५३ पासून ही व्यवस्था चालू आहे. कंपनीच्या नावाला असा कोणताही आधार नसतो. अमेरिकेत ‘फ्लोमॅक्स’ मागितले तर वाढलेल्या प्रोस्टेटची गोळी मिळते. इटलीत त्याच नावाने दाह कमी करणारे वेगळेच औषध विकले जात होते. आपल्याकडे ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या मलेरियावरच्या दोन औषधांच्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. रोग एक, नावे जुळी, घटक मात्र निराळे. साबण-तेलाच्या नावांत गोंधळ झाला तर पैसे जातात, औषधांच्या नावांत झाला तर जीव जाऊ शकतो, म्हणून इथे कसोटी अधिक कडक हवी, असा त्या २००१ च्या निकालाचा आशय होता.

उलटा धोका रोजचा आहे. क्रोसिन, डोलो आणि पॅनाडोल ही नावे तीन असली तरी आत पॅरासिटामॉलच आहे. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांतही तेच असते. प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ती जवळजवळ संपते. तापासाठी एक, अंगदुखीसाठी दुसरी, सर्दीसाठी तिसरी असे ‘वेगवेगळे’ औषध घेणारा माणूस यकृतावर किती ओझे टाकतो आहे हे त्याला कळतच नाही. घटकाचे नाव वाचणाऱ्याला ते लगेच कळते.

हे नाव पाकिटावर असतेच. एक-दोन घटकांच्या बहुतेक गोळ्यांवर ते कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे असा नियम २०१८ पासून आहे. पण आपण दहातल्या चार गोळ्या मागतो, दुकानदार कात्री चालवतो आणि नाव त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. कापण्याआधी पूर्ण पाकिटाचा फोटो काढू द्या म्हणावे. कुणी नाही म्हणत नाही. सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की घटकाचे नाव, उत्पादक, बॅच, मुदत हे सारे दिसायला हवे.

नाव टाइप करताना स्पेलिंग एकेका अक्षराने ताडून पाहा. फोन स्वतःहून जे नाव सुचवतो त्यावर बोट ठेवू नका. हायड्रॉक्सिझिन ही खाज-ॲलर्जीची गोळी, हायड्रॅलाझिन रक्तदाबाची. इंग्रजीत दोन्हींची सुरुवातीची चार अक्षरे एकच आहेत. सेटिरिझिन आणि सर्ट्रालिन घाईत एकसारखी ऐकू येतात. नावामागे लागलेले ‘हायड्रोक्लोराइड’, ‘बेसिलेट’ वगैरे शेपूट आधी सोडून द्या, ॲम्लोडिपिन एवढेच पुरते. ‘आयपी’ म्हणजे भारतीय औषधसंहितेच्या दर्जाचे. पण ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सआर’ ही अक्षरे सोडू नका. अशा गोळीतून औषध हळूहळू सुटते. दादीला गिळता येत नाही म्हणून ती चुरून पाण्यात दिली तर दिवसभराचे औषध एकदम पोटात जाते. अमेरिकी संग्रहात काही नावे वेगळीही आहेत: पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन होते, दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होते आणि साखरेची ग्लिबेन्क्लामाइड ग्लायब्युराइड होते.

आता पान उघडले. इथे खरा प्रश्न सुरू होतो, आणि तो वैद्यकापेक्षा आपल्या घरांच्या रीतीभातीचा जास्त आहे. औषधाचे नाव सापडले की रोग सापडला, असे आपण धरून चालतो. मुलीच्या पर्समध्ये मेटफॉर्मिन दिसले की ‘हिला या वयात शुगर!’ म्हणून अम्मीची झोप उडते, आणि खालाच्या कानावर गेले की स्थळांपर्यंत पोचते. मेटफॉर्मिन पीसीओएसमध्येही दिले जाते. पाळीच्या गोळ्या दिसल्या तर त्याहून वाईट. त्या गर्भनिरोधक आहेत एवढेच पहिल्या ओळीत वाचले जाते; अनियमित पाळी, अतिरक्तस्राव, असह्य दुखणे, चेहऱ्यावरची मुरमे यांसाठी अविवाहित मुलींनाही डॉक्टर त्या देतात, हे वाचायला कुणी खाली जात नाही. अमिट्रिप्टिलिन नैराश्यावरचे औषध म्हणून प्रसिद्ध आहे, पण अर्धशिशी टाळण्यासाठी आणि नसांच्या वेदनेसाठी ते कमी मात्रेत सर्रास वापरतात. ‘डोक्याची गोळी खाते’ हा शिक्का बसलेल्या बाईचे डोके कदाचित नुसते दुखत असेल. आणि नैराश्यासाठीच घेत असेल तरी तिला शिक्का मारण्याचा हक्क कुणाला मिळत नाही.

मेडलाइनप्लसच्या पानावर, हे औषध का देतात या भागानंतर, इतर उपयोगांचा वेगळा भाग असतो. तो वाचल्याशिवाय पान बंद करू नका. आणि दुसऱ्याचे औषध त्याला न विचारता शोधू नका. भावाने बहिणीचे नाही, नवऱ्याने बायकोचे नाही, सासूने सुनेचे तर मुळीच नाही. आपल्या चळवळीत बाईच्या हक्कांवर भाषणे पुष्कळ होतात. तिच्या औषधाच्या डब्यापाशी ते हक्क किती टिकतात हेही एकदा पाहावे.

दुष्परिणामांची यादी वाचून घाबरून गोळी सोडणारे घरोघरी आहेत. त्या यादीला माप असते. ब्रिटिश कागदात हा भाग ४.८ या क्रमांकाखाली येतो. तिथे ‘कॉमन’ म्हणजे शंभरात एक ते दहात एक, ‘रेअर’ म्हणजे दहा हजारांत एक ते हजारात एक, आणि ‘व्हेरी रेअर’ म्हणजे दहा हजारांत एकाहूनही कमी. मळमळ आणि यकृत निकामी होणे एकाच यादीत शेजारी छापलेले दिसले तरी त्यांच्यात हे अंतर असते. कोणत्या लक्षणाला लगेच डॉक्टर गाठायचा हे बहुधा वेगळे दिलेले असते. पाठ करायचे तर तेवढे करा.

त्याच कागदात ६.१ क्रमांकाला गोळीतले इतर पदार्थ असतात. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल आपल्याकडे विचारले जाते, त्याचे उत्तर अर्धेच तिथे मिळते. जिलेटिन आहे की नाही ते कळते, कोणत्या प्राण्याचे ते बहुधा लिहिलेले नसते. शिवाय तो कागद ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या गोळीचा. तुमच्या हातातल्या भारतीय कॅप्सूलचे कवच वेगळे असू शकते. शंका असेल तर उत्पादकाला विचारा, डॉक्टरांना त्याच घटकाची साधी गोळी मिळेल का विचारा. तोवर चालू औषध बंद करू नका.

रमजानचेही तसेच. ग्लिमेपिराइड दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणासोबत घ्यावे, असे संग्रहात लिहिलेले सापडेल. रोज्याच्या दिवशी ‘पहिले मुख्य जेवण’ कोणते, सहरी की इफ्तार, हे तिथे सापडणार नाही. सकाळी नेहमीसारखी गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. म्हणून अब्बांचे औषध, मात्रा आणि वेळ कागदावर लिहून रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. शोधातून इथे उत्तर मिळत नाही, पण विचारायचा नेमका प्रश्न मिळतो. ‘साखरेची पिवळी गोळी’ घेऊन जाणाऱ्याला तो विचारताच येत नाही.

परदेशी संग्रहांना आपला बाजार पुरता ठाऊक नसतो. दोन-तीन-चार औषधे एकाच गोळीत कोंबण्याची आपल्याकडे फार हौस. सरकारने २०१६ मध्ये अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, कंपन्या न्यायालयात गेल्या, २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली, २०२४ मध्ये आणखी १५६ वर. असे मिश्रण शोधून सापडले नाही तर प्रत्येक घटक वेगळा शोधा. एकटा घटकही न सापडणे हीसुद्धा माहिती आहे. निमेसुलाइड आपल्याकडे ताप-दुखीसाठी वर्षानुवर्षे हातोहात विकले गेले. अमेरिकेत त्याला कधी मान्यताच मिळाली नाही. भारतात बारा वर्षांखालील मुलांना ते देण्यावर २०११ मध्ये बंदी आली. घरातल्या लहानग्याच्या तापासाठी जुन्या डब्यातली गोळी अर्धी करून देण्याआधी एवढे शोधायला दोन मिनिटे लागतात.

घटकाचे नाव कळले की पैसेही वाचतात. ‘जनऔषधी सुगम’ या सरकारी ॲपवर ते टाकले की जनऔषधी केंद्रातली किंमत आणि जवळचे केंद्र दिसते. कंपनीच्या नावाशी बांधलेल्या माणसाला तिथे काय मागायचे हेच समजत नाही. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’वर तपासता येते. आयुष्यभर दोन-तीन गोळ्या घ्याव्या लागणाऱ्या घरात हा महिन्याच्या किराण्यातला फरक असतो. केंद्रातली गोळी दिसायला वेगळी असेल, म्हणून दादीला दोन्ही पाकिटांवरचे नाव शेजारी धरून दाखवा आणि जुने पाकीट डब्यातून काढून टाका.

आणि एखाद्या औषधाने कुणाला खरोखर त्रास झाला, अंगावर पुरळ उठले, चक्कर येऊन पडले, तर डॉक्टरांना सांगितल्यावर तेवढ्यावर थांबू नका. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे ही नोंद रुग्ण किंवा त्याचे घरचे स्वतः करू शकतात. १८००-१८०-३०२४ हा क्रमांक त्यासाठीच आहे. फोन करताना तिथे पहिल्यांदा औषधाचे नाव विचारतील. पाकीट हातात ठेवा.