पोटखराबा म्हणजे निरुपयोगी जमीन नव्हे

सात-बाराच्या उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राखालीं ‘पोटखराबा’ म्हणून कांहीं गुंठे दाखविलेले असतात. ओढ्याचा कांठ, घळ, खडकाळ टेकाड असें जें नांगराखालीं येत नाहीं, तें या सदरांत पडतें. असे उतारे लिहिण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं, म्हणून या शब्दाचा खुलासा करण्याचा थोडा अधिकार आम्हांस आहे. हा शब्द साऱ्याच्या हिशेबाचा आहे, शेतीचा नव्हे. ज्यावर आकारणी नाहीं तो पोटखराबा, इतकेंच. परंतु त्यांतील ‘खराब’ हीं अक्षरें शेतकऱ्याच्या मनांत अशीं बसलीं आहेत कीं, चार पैसे हातीं येतांच तो प्रथम ओढ्याकांठची झाडी तोडावयास निघतो.

इ. स. २०१८ सालीं नियमांत दुरुस्ती होऊन ‘अ’ वर्गाचा पोटखराबा लागवडीस आणल्यास त्याची आकारणी करण्याची वाट मोकळी झाली. माळ सुधारून कोणी पीक काढीत असेल तर आमची हरकत नाहीं. नाले व रस्ते मात्र ‘ब’ वर्गांत मोडतात, हा भेद सोयीस्करपणें विसरला जातो.

सोलापुराकडील अवर्षणाच्या पट्ट्यांत वर्षाचा पाऊस वीस-पंचवीस इंच, आणि तोही थोड्या दिवसांत कोसळणारा. एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारें १ लक्ष लिटर पाणी. काळ्या जमिनीच्या भेगा एकदां मिटल्या कीं पाणी तींत फार सावकाश मुरतें. उरलेलें माती घेऊन ओढ्याकडे धांवतें. तेथें वाळा, निर्गुडी, करंज उभे असतील तर त्याचा वेग मोडतो व गाळ कांठींच बसतो. वाळ्याच्या मुळ्या सरळ खोल जातात. कर्नाटकांत गुंडलुपेटकडील शेतकरी त्याच्या ओळी बांधावर पूर्वापार लावीत आले आहेत.

इ. स. २०१४ सालीं सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानांत ठिकठिकाणीं नाल्यांचें खोलीकरण झालें. त्यानें कित्येक विहिरींना पाणी आलें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण यंत्रानें कांठ उभे कापून झाडी मुळासकट उपटली आणि मातीचे ढीग तेथेंच ठेविले, तर मोठ्या पावसांत ती माती परत नाल्यांतच येणार. मग काम पुनः काढावें लागतें; मक्तेदारास त्याचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं.

या झाडीचे रहिवासीही आपल्या उपयोगाचे आहेत. धामण व घुबड उंदीर खातात. करंजाच्या फुलोऱ्यावर मधमाश्या जमतात, आणि माशीवांचून कांद्याचें बीं भरत नाहीं हें बीं धरणारे जाणतातच. सुगरण ज्वारीचे दाणे टिपते खरी, पण पिलांना ती किडे भरविते. रानडुकरें लपतात हा आक्षेप निराधार नाहीं; परंतु तीं उंसाच्या फडांत आणि वेड्या बाभळीच्या दाटींतही लपतातच. वेडी बाभूळ परदेशची, ती अवश्य काढावी. तिच्याबरोबर उंबर-जांभूळ तोडण्याचें प्रयोजन काय?

दोन गुंठे म्हणजे एकराचा विसावा भाग. तेवढ्यांत येणारें धान्य आणि खचत्या कांठाबरोबर जाणारी काळी माती, यांचा हिशेब ज्यानें त्यानें मांडावा. नाल्याचें काम गांवीं येईल तेव्हां कांठचीं झाडें राखण्याची व उतरते कांठ ठेवण्याची अट ग्रामसभेनें आधींच घालावी. जेथें कांठ उघडे पडले आहेत, तेथें पावसाच्या आरंभीं निर्गुडीच्या फांद्या खोंचाव्या. त्या सहज जीव धरतात, आणि गुरें त्यांना तोंड लावीत नाहींत.