जुन्या गाडीची टकटक वेळीच ऐका

घरातली जुनी पद्मिनी किंवा अँबॅसडर चढावर लागली, की बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखी टकटक सुरू होते. ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल केला, की आवाज थांबतो. ‘गाडीचं वय झालं, आवाज करणारच,’ असे म्हणून पुष्कळ जण तिकडे दुर्लक्ष करतात. हे दुर्लक्ष पुढे महागात पडते.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. तिचेच रूप पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून घराघरांत पोहोचले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीने वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. खासगी गाड्या मात्र अनेक कुटुंबांनी हौसेने जपल्या आहेत. ही हौस टिकवायची असेल, तर इंजिनाची भाषा थोडीफार कळायला हवी.

टकटक म्हणजे नेमके काय?

प्लगची ठिणगी पडली, की पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका बाजूने पेटत जाते आणि पिस्टनला खाली ढकलते. पण आतली उष्णता आणि दाब प्रमाणाबाहेर वाढला, तर ज्वाळा पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. त्या धक्क्याने सिलिंडर वाजतो. गॅरेजमध्ये याला ‘नॉकिंग’ म्हणतात. ते फार दिवस चालू राहिले, तर पिस्टनला खड्डे पडतात, रिंगा तुटतात, हेड गॅस्केट जाते. मग थोडक्या खर्चात होणाऱ्या कामासाठी संपूर्ण इंजिन उघडण्याची पाळी येते.

टॅपेटचा आवाज वेगळा असतो. गाडी जागेवर उभी असतानाही तो ऐकू येतो. नॉकिंग ओझ्याखाली होते. कुंभकोणमच्या आसपासचा कावेरीकाठ सपाट आहे. तिथे देवदर्शनाला निघालेल्या जुन्या गाडीची टकटक एखादे वेळी जाणवणारही नाही; तीच गाडी उटीच्या घाटाला लागली, की बोलू लागते. आपल्याकडे ही परीक्षा बोरघाट घेतो.

आधी साध्या गोष्टी

मेस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर हाती घेतला, की पहिला हात टायमिंगला घालू देऊ नका. आधी रेडिएटर गाळाने भरला आहे का, पंख्याचा पट्टा सैल आहे का, ते पाहावे. तापलेले इंजिन हमखास टकटकते. मग प्लग काढून पाहावेत. टोक फिकट तपकिरी असेल, तर ठीक. पांढरेफटक असेल, तर इंजिन फार तापते आहे किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून जादा हवा शिरत असली, तरी हेच होते. किल्ली बंद केल्यावरही इंजिन क्षणभर धडधडत राहिले, तर आत कार्बन साचल्याची शंका घ्यावी.

यानंतर कॉन्टॅक्ट पॉइंटमधील फट फीलर गेजने गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे जुळवावी. टायमिंग त्यानंतरच पाहावे, कारण फट बदलली की टायमिंगही सरकते. ठिणगी फार लवकर पडत असेल, तर डिस्ट्रिब्युटर किंचित मागे घ्यावा. अगदी किंचित! डिस्ट्रिब्युटर एक अंश फिरला, की क्रँकच्या हिशेबाने दोन अंशांचा फरक पडतो. आतले वजन आणि स्प्रिंग अडकलेले नाहीत, हेही तपासून घ्यावे. टायमिंग जास्तच मागे नेले, तर टकटक थांबते. पण पिकअप जातो, पेट्रोल जास्त लागते आणि इंजिन उलट तापते. कार्बोरेटर सर्वांत शेवटी.

पेट्रोल बदलले, गाडी तीच

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना शिशाच्या एका संयुगाने नॉकिंग थांबते, असे आढळले. पण शिसे आरोग्याला घातक. भारतात २००० साली शिशाचे पेट्रोल सर्वत्र बंद झाले. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, म्हणजे नॉकिंगला आळा बसतो. परंतु त्यात प्राणवायू असल्याने जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण पातळ होते. चढावर दम कमी वाटला, तर मेन जेट एक नंबर मोठा लागेल का, हे जाणत्या मेस्त्रीला विचारावे. जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉलने खराब होऊ शकतात. पेट्रोल गळले, तर आगीचा धोका असतो. म्हणून हे भाग इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत. टकटकीपेक्षा हे काम आधी करावे.

ट्युनिंग झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर, इंजिन गरम असताना, टॉप गिअरमध्ये ताशी चाळीसच्या वेगात ॲक्सिलरेटर दाबून पाहावा. गाडी न टकटकता उचलली, तर काम जमले. नाहीतर गाडी तशीच घेऊन घरच्या मंडळींसह घाटात जाऊ नये. आणखी एक फेरी गॅरेजमध्येच मारावी. ती स्वस्त पडते.