गडी झोपतो कुठं, ते आधी सांगा



पाडवा जवळ आलाय. पारावर, हॉटेलात, बाजाराच्या दिवशी एकच विषय चाललाय: साल कितीला ठरलं? पैसे किती, ज्वारी किती, उचल किती? तासभर घासाघीस होते. पण त्या गड्यानं, त्याच्या बायकोनं आणि दोन लेकरांनी वर्षभर झोपायचं कुठं, हा प्रश्न मी त्या बैठकीत अजून एकदाही ऐकलेला नाही. सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं की शेतात पत्र्याचं शेड आहे.

मी आज त्या शेडच्या विरोधात लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आपलं शेड डोळ्यासमोर आणा. चार अँगल, वरून पत्रा, बाजूनं पत्रा, खाली माती. एका कोपऱ्यात युरियाची पोती. दुसऱ्या कोपऱ्यात फवारणीचा पंप आणि अर्ध्या वापरलेल्या औषधाच्या बाटल्या. मध्ये अंथरूण. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असतं तेव्हा त्या पत्र्याला हात लावून बघा. पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवलेले असतात. वावधान सुटलं की पत्रा जायचा तो जातोच, दगड मात्र खाली झोपलेल्याच्या अंगावर येतो.

आणि हे सगळं कशासाठी? तर शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की कुणीतरी शेतात मुक्कामी पाहिजे. रात्री दोनला दारं धरायला आपण किती जण जातो, ते ज्यानं त्यानं स्वतःलाच विचारावं. जातो तो गडी. चिखलातून येतो आणि त्याच मातीवर आडवा होतो.

आता सापाचं बोलू. आपल्याकडं विषारी म्हणजे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यातली मण्यार रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दुखत नाही, सूज फारशी येत नाही, कित्येकदा चावल्याचंच कळत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलता येईना होतं, मग धावाधाव. त्यावर इलाज दवाखान्यातच आहे, देवळात नाही. पण त्याच्या आधीचा इलाज आपल्या हातात आहे: उंच जोतं, एक खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. नवीन मोबाईलपेक्षा हे तिन्ही मिळून स्वस्तात होतं असं नाही, पण ट्रॅक्टरच्या साऊंड सिस्टीमपेक्षा नक्की महत्त्वाचं आहे.

हे बोललं की चार उत्तरं ठरलेली असतात. एकेक घेऊ.

पहिलं उत्तर: "गडी आज आहे, उद्या नाही. त्याच्यासाठी कशाला बांधायचं?" अहो, गडी बदलेल, खोली कुठं जाणार? बैल विकले तरी गोठा आपण मोडत नाही. आणि ज्या शेतात राहायला धड खोली आहे, तिथला गडी सहसा साल अर्ध्यात सोडून जात नाही, हे मी आमच्या शिवारात बघतोय.

दुसरं उत्तर: "शेतात बांधकाम म्हणजे एनए करावं लागतं." महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यात 'शेतघर' कशाला म्हणायचं हे लिहून ठेवलंय. औजारं, खत, चारा, माल ठेवायला, जनावरं बांधायला आणि खातेदाराच्या घरच्यांना, नोकरांना किंवा कुळांना राहायला जे बांधतात ते शेतघर. कलम ४१ त्याच्याबद्दलच आहे. शहराच्या हद्दीजवळ जमीन असेल तर परवानगीचे आणि क्षेत्राचे वेगळे नियम आहेत, म्हणून पाया खोदायच्या आधी तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला विचारा. पण एक गोष्ट लक्षात घ्या. साठ वर्षांपूर्वीच्या कायद्याला शेतातला नोकर दिसला, त्यालाही राहायला घर लागतं हे दिसलं. आपल्याला दिसत नाही.

तिसरं उत्तर आमच्या लातूर-धाराशिवकडचं, आणि त्याची मला किंमत आहे: "किल्लारी विसरलास का?" नाही विसरलो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. हजारो माणसं गेली. तेव्हापासून दगड-मातीच्या भिंतीखाली झोपायला इथली माणसं घाबरतात आणि पत्रा बरा म्हणतात. ती भीती खोटी नाही. पण तेव्हा माणसं कशाखाली गेली? वर माळवदाची फूट-दीड फूट माती, खाली दोन थरांची दगडी भिंत. दोन थरांना आरपार बांधणारा दगड नाही, चारही कोपरे धरून ठेवणारा पट्टा नाही. यातून शिकायचं ते एवढंच की छप्पर हलकं ठेवा आणि भिंती एकमेकींना बांधा. भिंतच नको, लेकरं पत्र्यात भाजली तरी चालतील, हे त्यातून निघत नाही.

चौथं उत्तर: "पैसा कुठाय?" यावर जास्त बोलतो. कारण एकीकडं पैसा नाही म्हणायचं आणि दुसरीकडं गावातल्या घराला दर्शनी बाजूनं फरशी लावायची, हे दोन्ही एकाच घरात चाललंय. वर मोबाईलवर ते व्हिडिओ. शहरातलं कुणी माळावर लाकडी केबिन उभं करतंय, कुणी ट्रकवरून कंटेनर उतरवून "एका दिवसात फार्महाऊस" म्हणतंय. खाली आपलीच पोरं विचारतात, "भाऊ रेट सांगा". पोरांनो, तो डबा लोखंडाचा आहे. आत एसी चालेल एवढी वीज असेल तोवरच तो घर. ज्या शेतात रात्रभर एक बल्ब धड जळत नाही, तिथं तो डबा म्हणजे आपलं जुनं शेडच, फक्त रंग दिलेलं आणि हप्त्यावर घेतलेलं.

मग काय बांधायचं? आमच्या शेतावर १२ बाय १५ ची एक खोली आणि पुढं ओसरी उभी आहे. त्यावरून सांगतो.

पाया: काळ्या रानात वरच्यावर पाया घालू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि भिंतीला सोबत घेऊन फाटते. मुरूम लागेपर्यंत खाली जा. मुरमाड तुकडा असेल तर खोली तिथंच घ्या, तसंही तिथं पीक कमीच येतं. जोतं निदान दोन फूट वर. दारासमोर पायरी, पायरीवर उजेड.

भिंत: विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची रीत आहे, इंग्रजीत तिला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. केरळात लॉरी बेकर यांनी ती खूप वापरली. नेहमीच्या नऊ इंची भिंतीपेक्षा साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि मधल्या हवेमुळं आत ऊन कमी येतं. गवंड्याला आधी चार फूट करून दाखवायला सांगा. दार-खिडकीच्या वर चारही भिंतींवरून सळईचा सिमेंटचा पट्टा सलग फिरवा. इथं काटकसर नको.

छप्पर: कौल चांगलं, पण माकडं असतील तर टिकत नाही. पत्राच टाकायचा तर उतार द्या, जे-हूकनं घट्ट धरा, वर दगड ठेवू नका. खाली हातभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं दुसरं छत करा आणि त्या जागेतून वारा जाऊ द्या. उन्हाळ्याआधी पत्र्याला चुना मारा. आत बसलेल्याला फरक लगेच कळतो.

औषधं: वेगळी, कुलपाची पेटी, ओसरीच्या बाहेर. झोपायच्या खोलीत एक बाटलीसुद्धा नको. जळण आणि कडबा भिंतीला टेकवून रचू नका. तिथं उंदीर येतात आणि उंदरामागं साप.

लाईट: यात लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण हिशोब न करता पॅकेज घेतात. हिशोब असा. ९ वॅटचे दोन बल्ब पाच तास, म्हणजे ९० वॅट-तास. बाहेरचा ९ वॅटचा एक बल्ब रात्रभर, ११ तास, म्हणजे ९९. बीएलडीसी पंखा ३० वॅटचा, १० तास, म्हणजे ३००. दोन मोबाईल, ३०. एकूण सव्वापाचशेच्या आत. १०० वॅटची प्लेट चांगल्या उन्हात दिवसाला नुकसान वजा जाता ३०० वॅट-तास देते असं धरा. म्हणजे २०० वॅटची प्लेट पुरे. तोंड दक्षिणेला, आमच्या भागात तिरपेपणा साधारण १८ अंश, महिन्यातून दोनदा धूळ पुसायची. बॅटरी १२ व्होल्ट १०० एएचची, त्यात १२०० वॅट-तास मावतात. शिशाची बॅटरी अर्धीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. तरी रात्र निघते. जुना ७५ वॅटचा पंखा लावला तर तो एकटाच ७५० खातो, मग "सोलार बेकार" म्हणून ओरडू नका. बॅटरी खाटेखाली नको, चार्ज होताना तिच्यातून वायू निघतो. आणि मोटार यावर जोडायची नाही. ३ एचपी म्हणजे सव्वादोन हजार वॅट, त्याचं गणितच वेगळं.

पाणी: ओसरी धरून छप्पर २८ चौरस मीटर. १ मिमी पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर. ७०० मिमी झाला तर १९,६०० लिटर, पाचवा हिस्सा वाया गेला तरी साडेपंधरा हजार. पन्हाळी लावा, पहिला पाऊस सोडून द्या, जमेल तेवढी टाकी ठेवा. गड्याच्या बायकोची डोक्यावरच्या घागरीची एक खेप वाचली तरी खूप झालं.

संडास: दोन शोषखड्ड्यांचा. एक भरला की दुसरा. विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. अंधारात उसात जाणाऱ्या बाईला याचं मोल विचारा, मला विचारू नका.

एका दमात होत नसेल तर क्रम लावा. या पाडव्याला खाट, मच्छरदाणी, बाहेरचा दिवा आणि औषधाची पेटी. पाऊस यायच्या आत जोतं. सुगी झाली की भिंती. पण सुरुवात दिव्याच्या शोभेच्या माळेनं करू नका.

आपण शेतमालाला भाव मागतो, दिवसा लाईट मागतो, आणि ते मागायलाच पाहिजे. पण मागताना म्हणतो काय? "शेतकरी रात्री साप-विंचवात उभा राहतो." खरंय, उभा राहतो. बहुतेक रानात त्या शेतकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, एवढंच.

तर या पाडव्याला साल ठरवायला बसलात की पैसे, ज्वारी आणि उचल याच्या जोडीला चौथा मुद्दा काढा: राहायची खोली. मालकांनी नाही काढला तर गड्यांनी काढावा. आणि ज्यांनी आधीच बांधलीय त्यांनी खाली फोटो टाका. आतला टाका, बाहेरचा नको.