सोलापूरच्या मोकळ्या प्लॉटांचं पुण्य

पुण्यात बसून सोलापूरच्या जमिनीचे सल्ले देणारे एक गृहस्थ सध्या फार ऐकले जातात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सोलापूर आज तळाला आहे, म्हणून आजच घ्या. पुण्यातल्या एका फ्लॅटच्या पैशात इथं चार प्लॉट येतात. विमान सुरू झालंय, सुरत-चेन्नई महामार्ग जिल्ह्यातून जायचाय. खरेदीखत कपाटात ठेवा आणि दहा वर्षं विसरून जा. शिवाय बाहेरचा पैसा आला की मरगळलेलं शहर उभं राहतं, म्हणजे फायद्याबरोबर पुण्यही पदरात.

हे पुण्याचं ऐकलं की माझा संयम सुटतो. पण आधी बाकीचं.

सोलापूरजवळच्या बोरामणीला आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार म्हणून जमिनी घेतल्या गेल्या, त्याला दीड दशक होत आलं. विमान अजून होटगी रस्त्यावरच्या जुन्या धावपट्टीवरूनच उडतं. महामार्गाचं म्हणाल तर गाड्यांनी शहर टाळून पुढं जावं म्हणूनच असे रस्ते आखतात. भाड्याचाही हिशेब करा. समजा ४० लाखांचा फ्लॅट घेतला आणि महिना ९ हजार भाडं आलं. वर्षाचे झाले १ लाख ८ हजार, म्हणजे पावणेतीन टक्केसुद्धा नाहीत, आणि घरपट्टी, मेंटेनन्स, रिकामे महिने अजून वजा व्हायचेत. एवढं तर मुदत ठेवही देते. आणि कागदपत्रं? शेतात खडी टाकून पाडलेले प्लॉट, एनए नाही, ले-आउट मंजूर नाही, सातबाऱ्यावर सामाईकात दहा नावं. रविवारी गाडी काढून सौदा करायला येणाऱ्याला तलाठी भेटत नाही, एजंट भेटतो.

आता त्या पदरातल्या पुण्याकडे येतो.

विजापूर रस्त्याच्या बाजूला, जुळे सोलापूरच्या पुढं एकदा पायी फिरून या. चार कोपऱ्यांना चुना फासलेले चार दगड, मधे कमरेएवढी वेडी बाभूळ आणि पत्र्याचा बोर्ड: ‘ही जागा खाजगी मालकीची आहे’. खाली पुण्याचा फोन नंबर. पावसाळ्यात पाणी तुंबतं, डास होतात, शेजारच्या घरातली बाई त्या नंबरवर फोन करते, कुणी उचलत नाही. असे तीन प्लॉट सोडून एक घर, पुन्हा पाच प्लॉट सोडून एक घर. त्या एकेका घरासाठी महापालिकेनं जलवाहिनी पार तिथवर न्यायची, ड्रेनेज न्यायचं, दिवे लावायचे. उजनी धरण इथून शंभर किलोमीटरवर आहे. तिथून आणलेलं पाणी गावात रोज देता येत नाही, काही दिवसांआड येतं. आणि तेच पाणी मोकळ्या दगडांना वळसे घालत शेवटच्या घरापर्यंत पोहोचवायचं! याला शहर उभं राहणं म्हणत नाहीत.

जमीन इथं कमी भावात मिळते, कारण इथल्या हाताला दाम कमी मिळतो. शहराच्या पूर्व भागात घराघरात बायका सूप मांडीवर घेऊन तेंदूची पानं कात्रीनं कापतात, हजार-हजार विड्या वळतात. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा माणूस वर्षानुवर्षं भिशी लावून अर्ध्या गुंठ्याचे पैसे जमवतो. त्याच्यासमोर पुण्याचा पगार बोली लावायला उभा केला, की भाव वाढला म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या? कुंभारीच्या माळावर कामगारांसाठी ३० हजार घरांची रे नगर वसाहत मंजूर झाली, त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. शहरात परवडणारी जागा असती तर ही माणसं कामापासून एवढी लांब माळावर गेली नसती, असं माझं ठाम मत आहे.

त्यावर उत्तर ठरलेलं: सोलापूर कामगारांनीच संप करून बुडवलं, आता बाहेरच्यांनी सावरलं तर तक्रार कशाला? हा वाद मी कितीदा घातलाय. १८७७ साली सुरू झालेली इथली ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी साठच्या दशकातच बंद पडली, मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपाच्या कितीतरी आधी. यंत्रं जुनी झाली, नवी घेतली नाहीत, कर्जं चढली. त्याचं खापर कामगाराच्या डोक्यावर फोडणं बंद करा.

मग बाहेरच्यानं इथं पैसाच घालू नये का? घालावा. हे शहरच मुळी बाहेरून आलेल्यांनी घडवलंय. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, माग घेऊन आले, इथंच राहिले, आणि सोलापुरी चादरीला नाव मिळालं. तुम्हीही या. शाळेच्या गणवेशांचा धंदा इथं चांगला रुजलाय. एखाद्या शिलाई युनिटमध्ये भागीदारी करा, अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत शेड घ्या. घरच घ्यायचं तर गावातलं जुनं घर दुरुस्त करून भाडेकरू ठेवा. आणि पाच वर्षांत बांधकाम झालं नाही, तर मोकळ्या प्लॉटवरचा कर दरवर्षी चढता लावावा, मालक पुण्याचा असो की सोलापूरचा.

त्या गृहस्थांनी पुढच्या व्याख्यानात एवढंच सांगावं: त्यांच्या सल्ल्यानं इथं घेतलेल्या प्लॉटांपैकी आज कितींवर घर उभं आहे?