उसाच्या पेरातला नायट्रोजन

हवेत 78 टक्के नायट्रोजन. तरी तो विकत घ्यायला शेतकरी खताच्या दुकानापुढे रांग लावतो.

पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ॲसिटोबॅक्टर हे जिवाणू खत तयार होते. 1988 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी नोंदवलेला हा जिवाणू उसाच्या पेरातच राहतो, तिथली साखर खातो आणि हवेतला नायट्रोजन पिकाच्या उपयोगी आणतो. बेणे त्याच्या द्रावणात बुडवून लावायचे. बुरशीनाशक मात्र आधी, नाहीतर जिवाणूच मरायचे.

मग अडते कुठे? युरियाची 45 किलोची गोणी अनुदानामुळे 266.50 रुपयांना मिळते. एवढ्या स्वस्ताईत जिवाणूंना कोण विचारणार!

उसाची भूक मोठी, त्यामुळे युरिया पुरता सुटणार नाही. पण अनुदानाचा काही वाटा ताज्या, तपासलेल्या जिवाणू खतांकडे वळवायलाच हवा. उन्हात तापलेल्या बाटलीत जिवंत उरते तरी किती?