पाण्याची वही

दिवाळीत व्यापारी वहीपूजन करतात, जुना हिशेब मिटवून नवी वही उघडतात. जुन्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पावसाळा सरला की अशीच एक वही उघडते. तिच्यात रुपयांऐवजी पाणी मांडलेलं असतं. पाऊस किती पडला, किती मुरला, विहिरींना किती पाणी आहे, हे मोजायचं. त्यातून माणसांचं आणि गुराढोरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं. उरेल त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी झाला तर जास्त पाणी पिणारी पिकं त्या वर्षी कमी. ऊस आणि केळी यांना कायमचीच मनाई, आणि शेतीसाठी बोअर मारायचं नाही.

१९९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा दुष्काळाने गाव रिकामं होत चाललं होतं. श्रमदान, बांधबंदिस्ती, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे सगळं आपण वाचलेलं आहे. पण बंधारे इतर गावांनीही बांधले. पाणी आलं, मागोमाग ऊस आला आणि काही वर्षांनी पुन्हा टँकर आला. हिवरे बाजारने पाणी आल्यावरही वही मिटली नाही. भरलेल्या विहिरीच्या काठावर बसून नियम पाळणं जास्त अवघड, आणि मला मोठेपण त्यातच दिसतं.

आता आपल्या वेंटवर्थव्हिलकडे पाहू. सिडनीचं सुमारे ८० टक्के पाणी १९६० साली पूर्ण झालेल्या वारागंबा धरणातून येतं. त्यासाठी गुंडुंगुरा लोकांचं बुरागोरांग खोरं बुडालं. कोयना-उजनीच्या काठची माणसं आपल्यात आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. २०१९च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या पातळीचे निर्बंध आले, तेव्हा आपण सगळे झारी आणि बादली घेऊन बागेत उभे होतो. २०२०च्या फेब्रुवारीत धो धो पाऊस झाला, निर्बंध सैल झाले आणि झाऱ्या गॅरेजमध्ये गेल्या. अडचणीत आपण शहाणे असतो. सुबत्तेत मात्र कोणी विचारत नाही, म्हणून आपणही मोजत नाही.

गावात एकाने जास्त उपसा केला की शेजारच्याची विहीर आटते, कारण डोळ्यांसमोर असतं. इथे धरण एकच, पण मीटर प्रत्येकाचा वेगळा आणि कुंपणाआड. कर्नेलचा समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना २०१० पासून आहेच, असं कोणी म्हणेल. पण ते पाणी वीज जाळून मिळतं.

जमिनीचंही तसंच. जुनं घर पाडून त्याच जागेवर दोन घरं उभी राहतात, मागचं अंगण सिमेंटचं होतं, झाड जातं. मुलांसाठी घर हवं, हप्ते फेडायचे आहेत, हे मला कळतं. पण इथली माती मुळातच चिकण, तिच्यात पाणी सावकाश मुरतं. वर सिमेंट घातलं की सगळं पाणी नाल्यावाटे फिनलेसन्स क्रीकमध्ये, तिथून टूंगाबी क्रीकमध्ये आणि पुढे पॅरामॅटा नदीत धावतं. सातबारा आपल्या नावाचा असला, तरी त्यावर पडणारा पाऊस खालच्या वस्तीतल्या घरांचाही असतो. २००४ पासून नव्या घरांना पाणी वाचवण्याचे नियम आहेत, त्यामुळे पावसाच्या टाक्या आल्या. पण कायदा नव्या घराला विचारतो, जुन्या सवयीला नाही.

म्हणून एक सुचवतो. तिकडे पावसाळा संपतो तेव्हा इकडे उन्हाळा तोंडावर असतो, म्हणजे दिवाळी हीच दोन्हीकडे हिशेबाची वेळ. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाण्याचं तिमाही बिल काढा आणि एका वहीत तीन ओळी लिहा : घरात माणसं किती, पाणी किती वापरलं, अंगणात उघडी माती किती उरली. पुढच्या दिवाळीला त्याखाली नवे आकडे लिहा. धरण भरलेलं असलं, तरीही लिहा.