कोडे कोणत्या भाषेत घालावे?

यंत्रावरील खेळांचा विषय निघाला की आमच्या सुशिक्षित वर्गाची दोनच मते ठरलेली असतात. एक पक्ष म्हणतो, या खेळांनी मुलांचे डोळे आणि बुद्धी ही दोन्ही जातात. दुसरा म्हणतो, हा मेंदूचा व्यायाम होय, सबब मुलांना खुशाल खेळू द्यावे. या दोन पक्षांत कितीही वैर असले तरी एका बाबतीत त्यांचे पूर्ण साम्य आहे. त्यांपैकी कोणीही असा खेळ स्वतः खेळून पाहिलेला नसतो. आम्ही एक खेळून पाहिला. त्यावरून आमचे जे मत झाले ते या दोन्ही पक्षांना मानवणारे नाही, आणि वाङ्मयसेवेचा अभिमान मिरविणाऱ्या तिसऱ्या पक्षाला तर ते मुळीच रुचणार नाही. तथापि ते सांगणे प्राप्त आहे.

हा खेळ म्हणजे 'प्रोफेसर लेटन' या मालिकेचा दुसरा भाग. जपानातील फुकुओका येथील लेव्हल-फाइव्ह या मंडळीने तो २००७ च्या नोव्हेंबरात काढला, आणि २००९ साली तो इंग्रजीत आला. अमेरिकेत त्याचे नाव 'डायबॉलिकल बॉक्स', युरोपात 'पँडोराज बॉक्स'. निन्टेन्डो डीएस नावाच्या, वहीसारख्या उघडणाऱ्या दोन पडद्यांच्या यंत्रावर तो खेळावयाचा. वरच्या पडद्यावर कोडे वाचावे, खालच्या पडद्यावर लेखणीसारख्या काडीने उत्तर द्यावे. कथा अशी : जी उघडणारा मरतो अशी वदंता असलेली एक पेटी लेटनच्या गुरूंच्या हाती येते, लेटन व त्याचा बालशिष्य ल्यूक येऊन पाहतात तो गुरू निश्चेष्ट पडलेले, पेटी नाहीशी, आणि मागे राहिले आहे केवळ आगगाडीचे एक तिकीट, ज्यावर मुक्कामाचे ठाणेच छापलेले नाही! पुढील कथा सांगून वाचकांच्या आनंदावर आम्ही घाला घालीत नाही. वाटेत जो भेटेल तो कोडे घालतो, आणि अशी सुमारे दीडशे कोडी सुटता सुटता कथा उलगडते. चुकीच्या उत्तराने त्या कोड्याचे गुण घटतात. अडल्यास सूचना मिळते, परंतु तिच्यासाठी चित्रांतून धुंडाळून काढलेले नाणे खर्चावे लागते. या भागात कच्चे गणित करण्यास पडद्यावरच कोरा कागद दिला आहे, जो पहिल्या भागात नव्हता.

खेळ निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. कथा आणि कोडी यांची सांगड त्यात पुष्कळदा ओढूनताणून घातलेली आहे. गुरूच्या मृत्यूची शंका मनात घेऊन निघालेल्या माणसास भेटेल त्याने आधी कोडे घालावे आणि मग बोलावे, हे हास्यास्पद नव्हे काय? आमच्या वेताळाची रीत याहून सरस. त्याचे कोडे कथेच्या पोटातूनच जन्मते. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहील तर त्याच्या डोक्याची शकले होतील. बोलेल तर मौन मोडून प्रेत पुन्हा झाडावर जाईल. ज्याच्या उत्तराला मोल द्यावे लागते तेच खरे कोडे, हे आमच्या पूर्वजांना कित्येक शतकांपूर्वी समजले होते. मग त्यांचे वंशज आज या कलेत कोठे आहेत? हाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न ज्या प्रसंगाने पडला तो सांगतो. आम्ही राहतो ते तळवडे म्हणजे एका अंगास माहिती-तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या अंगास लहान कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडी, आणि जवळच इंद्रायणी व देहू. शेजारच्या खोलीत लातूरकडून आलेले एक कुटुंब आहे. बाप लेथवर काम करतो, मुलगी मराठी शाळेत सहावीत जाते. भाच्याने परदेशातून आणलेले जुने यंत्र आमच्या हातात पाहून ती रोज संध्याकाळी येऊ लागली. एकदा एका कोड्यात तिने लागोपाठ तीन वेळा उलटेच उत्तर दिले, गुण घटले, आणि यंत्र खाली ठेवून ती म्हणाली, "आजोबा, मला डोकंच नाही." पाहिले तो सारा घोळ एका 'एक्सेप्ट' या शब्दाचा! 'वगळून' या अर्थाचा शब्द तिने 'स्वीकारणे' या अर्थाचा समजला होता.

आम्ही यंत्र मिटले आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील भुंग्यांचे गणित तिला साध्या मराठीत घातले. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर. या दोहोंतील अंतराच्या तिप्पट कुड्याच्या फुलावर. एकच भुंगा हवेत भिरभिरत राहिला. तर थवा केवढा? तिने जमिनीवर बोटाने रेघा ओढल्या. "तिनानं आणि पाचानं दोघांनीही भाग जाईल असाच आकडा हवा ना?" असे स्वतःशीच पुटपुटली, आणि थोड्याच वेळात म्हणाली, "पंधरा!" जिला पाच मिनिटांपूर्वी डोके नव्हते तिला ते एकाएकी कोठून आले?

यावर आमचे एक विद्वान मित्र म्हणाले, "इंग्रजी आज ना उद्या शिकावेच लागणार, या निमित्ताने ती शिकेल." इंग्रजी शिकू नये असे म्हणणारा मूर्ख आम्ही नव्हे. परंतु मुलाला पोहता येते की नाही हे पाहावयाचे तर पायात बेडी घालून त्याला पाण्यात लोटीत नाहीत. भाषेची परीक्षा निराळी, बुद्धीची निराळी. पहिलीत नापास झालेल्या मुलाला दुसरीतही नापास झालो असे वाटू देणे हा अन्याय आहे, आणि तो आपण रोज करीत आहोत. ज्यांनी हा खेळ विकला त्यांना ही गोष्ट कळत होती. भाषेवर अवलंबून असलेली कोडी भाषांतरात बदलून त्यांच्या जागी नवी घालण्याची त्यांची रीत आहे. एवढेच काय, इंग्लंड आणि अमेरिका यांची भाषा एकच असताही या दुसऱ्या भागात इंग्लंडातील मुलांसाठी ल्यूकचा आवाज निराळ्या नटीकडून घेतला! एका उच्चारभेदाची त्यांनी जेवढी कदर केली तेवढी आम्ही अवघ्या भाषेचीही करीत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे खेळणे आहे, वाङ्मय नव्हे. मग 'लीलावती' काय आहे? इ. स. ११५० च्या त्या ग्रंथात हंस आहेत, मोर आणि साप आहेत, आणि प्रश्न पुष्कळदा एका बालिकेला उद्देशून घातलेले आहेत. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापिला, असे तेथील शिलालेख सांगतो. ज्या देशी अशा ग्रंथांसाठी मठ उभारले गेले त्या देशी आज कोड्याला मासिकाचे अर्धे पान मिळत नाही!

तिसरा आक्षेप पैशाचा. त्यास उत्तर खुद्द जपानच देते. लेटनच्या कोड्यांवर देखरेख केली ती चिबा विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक अकिरा तागो यांनी. त्यांच्या 'डोक्याची कसरत' अशा अर्थाच्या नावाच्या कोड्यांच्या पुस्तकमालेचा आरंभ १९६६ सालचा. ती पुस्तके वाचून वाढलेल्या अकिहिरो हिनो यांनी पुढे हा खेळ रचला. म्हणजे आधी प्राध्यापकाची लेखणी, मग पुस्तक, मग वाचणारे मूल, आणि चाळीस वर्षांनी यंत्र. आम्हांला मात्र पहिल्या तीन पायऱ्या गाळून एकदम चौथीवर उडी हवी असते. लेखणी आणि कागद यांस किती भांडवल लागते?

बरे, यंत्राची पायरीही आता दूर राहिलेली नाही. 'राजी' नावाचा, धाकट्या भावाला असुरांच्या हातून सोडविणाऱ्या मुलीच्या कथेचा खेळ पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीने रचला आणि २०२० च्या ऑगस्टात तो निन्टेन्डो स्विच या यंत्रावर जगभर गेला. कौतुकच आहे! परंतु त्या वेळी त्यातील दुर्गा आणि विष्णू इंग्रजीतूनच संवाद करीत होते. जगाच्या बाजारात उतरणाऱ्यास तसे करावे लागते, हे आम्ही जाणतो. दोष त्यांच्या माथी मारीत नाही. दोष आहे तो, मराठीत असे काही मागणारा आणि वाचणारा वर्ग निर्माण न करणाऱ्या आम्हां लेखक-संपादकांचा.

तळवड्यात संगणकाच्या भाषा जाणणारे शेकडो मराठी तरुण आणि ही सहावीतील मुलगी यांच्यामध्ये एका रस्त्याचे अंतर आहे. तो ओलांडण्यास एवढेच पुरे : प्रत्येक मासिकाने दरमहा एक नवे कथा-कोडे मराठीत छापावे, लेखकांनी ते रचणे कमीपणाचे मानू नये, आणि यंत्रज्ञांनी त्यांतून निवडून घ्यावे.

परवा लेटनचा हा भाग संपला. शेवटची कोडी आम्ही मराठीत सांगितली, सोडविली तिने. पेटीचे रहस्य उलगडल्यावर तिने विचारले, "आजोबा, ह्याच्या पुढचा भाग मराठीत आहे का?" आम्ही उत्तर दिले, "नाही." उत्तर बरोबर होते; पण त्याबद्दल आम्हांस एकही गुण मिळू नये.